कोंडा टाकू नका: मुलांच्या रोजच्या जेवणात चोथा वाढवायचा कसा

माझी मुलगी पाच वर्षांची असताना आमच्या घरी सकाळचा सगळा कारभार एकाच प्रश्नाभोवती फिरायचा: "झाली का?" नाही झाली. काल नाही, परवाही नाही. चौथ्या दिवशी बाथरूममधून रडण्याचा आवाज, बाहेर मी, माझ्या मागे काळजीत पडलेल्या सासूबाई. डॉक्टरांनी आधी कडक झालेली शी मऊ होण्यासाठी औषध दिलं आणि मग म्हणाले, "दिवसभरात काय खाते, सांगा बघू." मी अगदी ऐटीत सांगितलं, दूध, पोळी, वरण-भात, फळ. "किती?" म्हणाले. तिथे माझी बोबडी वळली.

घरी येऊन तीन दिवस वहीत लिहून काढलं. 'पोळी' म्हणजे अर्ध्या फुलक्याचा तूप-साखर रोल. 'फळ' म्हणजे गाळलेला मोसंबीचा रस. पोट भरत होतं ते तीन मोठे कप दूध आणि बिस्किटांवर. या लेखातली पहिली पायरी म्हणूनच स्वयंपाकघरातली नाही, वहीतली आहे. मूल काय 'खातं' ते लिहू नका, ताटातून पोटात किती गेलं ते लिहा. शाळेतून परत आलेला डबा उघडून पाहा आणि तेही लिहा. तीन दिवस पुरेत, त्यात एक रविवार असू द्या, कारण रविवारचं खाणं निराळंच असतं.

किती लागतं, आणि आत्ता किती मिळतं

चोथा, म्हणजेच फायबर, हा धान्य, डाळी, भाज्या, फळं यांतला तो भाग जो आपल्या आतड्यात पचत नाही. काही चोथा पाणी धरून ठेवतो आणि शी मऊ, भरीव करतो. काही पाण्यात विरघळून बुळबुळीत होतो, भेंडीचा चिकटपणा हा त्यातलाच. मोठ्या आतड्यातले उपयोगी जंतू त्यावर जगतात. दूध, अंडी, मांस, मासे, साखर, तेल, तूप यांत चोथा अजिबात नसतो. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी वहीतलं निम्मं गणित सुटतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशोब साधारण १००० कॅलरीमागे १५ ग्रॅम चोथा असा आहे. त्याप्रमाणे चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला २० ग्रॅमच्या आसपास लागतो, एक ते तीन वर्षांच्या मुलाला १५ च्या आसपास. एक जुना सोपा ठोकताळाही आहे: मुलाचं वय अधिक पाच. सहा वर्षांच्या मुलाला किमान ११ ग्रॅम. मी हा ठोकताळा तळरेषा मानते आणि २० हे जायचं ठिकाण. एका आठवड्यात तळरेषेवरून थेट तिथे उडी मारायची नाही, ते का ते पुढे येईलच.

आता घरातले आकडे. शंभर ग्रॅम कोरड्या पिठात ज्वारी, बाजरी, नाचणी आणि गव्हाची न चाळलेली कणीक, सगळ्यांत साधारण १० ते ११ ग्रॅम चोथा. मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात जेमतेम तीन. तूरडाळीत नऊ, हरभरा डाळीत १५, सालासकट अख्ख्या हरभऱ्यात २५ च्या घरात. म्हणजे लहानसा फुलका अडीच-तीन ग्रॅम, छोटी भाकरी पाच, वाटीभर मटकीची उसळ चार, मध्यम पेरू पाचाहून जास्त, चार ग्लुकोज बिस्किटं जेमतेम अर्धा. माझ्या मुलीची वही मी या हिशोबाने मांडली तेव्हा दिवसाची बेरीज सात-आठच्या वर जाईना.

या आकड्यांत एक गंमत आहे. पोळीचं पीठ मळताना त्यात ज्वारीचं पीठ मिसळलं की चोथा वाढला, अशी बऱ्याच आयांची समजूत असते. माझीही होती. कणकेत ११, ज्वारीत १०, वाढणार काय? ज्वारीचे दुसरे गुण असतील, चवबदल होतो, तो वेगळा विषय. चोथा वाढतो तो मैद्याच्या जागी कणीक आली की, भाताच्या एका मुदीच्या जागी अर्धी भाकरी आली की, आणि मुख्य म्हणजे चाळणी थांबली की.

चाळणी

आमच्याकडे कणीक बारीक चाळणीने चाळायची पद्धत. एकदा मी मुद्दाम एक किलो कणीक चाळली आणि चाळणीत राहिलेलं मोजलं: पाऊण वाटी कोंडा. तांबूस, हलका, बोटांना खरखरीत. एरवी तो कचऱ्यात जायचा, किंवा खालच्या गाईसाठी पिशवीत. गव्हातला सगळ्यात जास्त चोथा त्या पाऊण वाटीत, आणि मी त्याच दिवशी औषधाच्या दुकानातून मुलीसाठी चोथ्याच्या पावडरचा डबा आणलेला! सासूबाई बघून म्हणाल्या, "कोंड्याचा मांडा करायचे दिवस गेले म्हणून कोंडाच टाकायला लागलात काय गं?"

चाळण्यामागचं कारण खरं आहे, किडा-अळी, खडा, गिरणीतला दोरा सापडतो. तर चाळा, बघा आणि कोंडा परत कणकेत घाला. पहिल्या दिवशी सगळा नको. पहिला आठवडा पाव कोंडा परत, दुसरा आठवडा अर्धा, महिन्याभरात सगळा. कोंडा पाणी ओढतो, त्यामुळे कणीक नेहमीपेक्षा सैल भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. लगेच लाटली तर पोळीच्या कडा फाटतात, पोळी चामट होते, आणि मग घरातली मोठी माणसंच आधी नाक मुरडतात. अर्ध्या तासाने तीच कणीक मऊसूत लागते. तेलाचा हात जरा सढळ असू द्या.

गिरणीत दळण टाकताना साडेचार किलो गव्हात अर्धा किलो अख्खे हरभरे, सालासकट, घाला. पोळीला किंचित गोडसर खमंगपणा येतो आणि मुलांना कळतही नाही. त्याहून जास्त घातले तर पोळी तुटते, मी करून पाहिलंय.

मुलीने तिसऱ्या आठवड्यात पोळी उजेडात धरली आणि विचारलं, "आई, ह्यावर ठिपके कसले?" मी सांगितलं, गव्हाचं साल आहे. "चिमणी खाते तसं?" हो म्हटलं. एवढ्यावर भागलं. लपवाछपवी केली असती आणि पकडली गेले असते तर पोळीवरचा विश्वास उडाला असता.

वरण-भात सोडायचा नाही

वरण-भात-तूप-लिंबू हे मुलांचं हक्काचं जेवण आहे, त्याला हात लावू नका. फक्त वाटणी बदला. बहुतेक ताटांत भात दोन वाट्या आणि वरण चमचाभर असतं. भात एक मूद, वरण घट्ट आणि एक वाटी. आठवड्यातून दोनदा तुरीऐवजी सालीच्या मुगाची खिचडी करा, तांदूळ आणि डाळ सारख्या मापाने. हिरवी सालं बघून मूल नाही म्हणालं तर आधी निम्मी सालीची, निम्मी पिवळी डाळ. खिचडीत मटार, गाजराचे तुकडे, वर खोबरं-कोथिंबीर.

उसळ मात्र स्वतंत्र प्रकरण आहे. मटकी, मूग सकाळी भिजत घाला, आठ-दहा तासांनी उपसून ओल्या पंचात घट्ट बांधा आणि रात्रभर उबदार जागी टांगा. सकाळी गाठ सोडली की पंचाच्या विणीतून मोडाची पांढरी टोकं बाहेर आलेली असतात. हे सोडवायचं काम मुलांना द्या. माझी मुलगी मटकी खात नव्हती, पण मोड मोजायला तयार असायची, आणि मोजता मोजता दोन-चार तोंडात जायचे. लहान मुलांना मात्र कच्चे मोड मूठभर देऊ नका, वाफवून द्या. पोटाला सोपे जातात आणि जंतूंची भीती राहत नाही. मोड आल्याने आणि शिजवल्याने गॅस करणारी साखरही कमी होते. वर लिंबू पिळा. कडधान्यातलं लोह अंगी लागायला लिंबातलं 'क' जीवनसत्त्व मदत करतं.

भाज्यांबद्दल थोडक्यात. गवार, शेवग्याच्या शेंगा, भेंडी, मटार, मेथी, लाल भोपळा, सगळ्यांत चोथा आहे. ज्यात नाही अशी भाजी नाही, तेव्हा जी खाईल ती. नको असलेली भाजी ताटात सुपारीएवढी वाढायची, आग्रह करायचा नाही, उचलून टाकली तर ओरडायचं नाही. एकच भाजी दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर मुलं तिला हात लावतात, आपण तिसऱ्याच वेळेला हार मानतो. शेवग्याची शेंग चोखायला मिळते म्हणून बऱ्याच मुलांना आवडते. पानात शेंगेच्या काड्यांचा ढीग कुणाचा मोठा, ही आमच्याकडची स्पर्धा.

डबा

डब्यात चोथ्याचे पदार्थ देणाऱ्या आयांची एकच तक्रार असते: तसाच परत येतो. कारण चवीचं नसून वेळेचं असतं. छोटी सुट्टी दहा-पंधरा मिनिटांची, त्यात हात धुणं, रांग, गप्पा. चोथा चावावा लागतो. अख्खी भाकरी, अख्खं सफरचंद, लांब गाजर एवढ्या वेळात संपत नाही. पदार्थ बदलण्याआधी आकार बदला. थालीपिठाचे शंकरपाळ्याएवढे तुकडे, पोळीचा रोल दोन बोटांएवढा आणि मधून कापलेला. हे केल्यावर आमचा परत येणारा डबा निम्म्याने घटला, तेही आत नवीन काहीच न घालता.

आमचा आठवडा साधारण असा जातो. सोमवारी मटकीची कोरडी उसळ पोळीत गुंडाळून, आतून थोडी शेंगदाण्याची चटणी लावलेली. मंगळवारी मेथीचे धपाटे, दह्याऐवजी गुळाचा खडा, कारण दही सांडतं. बुधवारी सालीच्या मुगाचे घावन. मूग रात्री भिजवायचे, सकाळी आलं-मिरची घालून वाटायचे, चमचाभर तांदळाचं पीठ. गुरुवारी भाजणीचं थालीपीठ. भाजणी हे आपल्या आज्यांनी करून ठेवलेलं उत्तम मिश्रण आहे, ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभरा, उडीद, धणे, सगळं भाजून दळलेलं. विकत घेत असाल तर तांदूळ किती घातलाय ते जरूर विचारा, स्वस्तातल्या भाजणीत तोच जास्त असतो. शुक्रवारी तिला हवं ते. तिला नूडल्स हव्या असतात. देते, पण नूडल्सएवढ्याच मटार, गाजर, कोबी घालून. वर्गात सगळे नूडल्स खाताना आपल्या मुलीने एकटीने घावन खावं असा माझा हट्ट नाही.

छोट्या डब्यात फळ. सफरचंदाच्या फोडी काळ्या पडतात आणि परत येतात, लिंबाच्या पाण्यातून काढून द्या, साल ठेवून. पेरूच्या फोडींना चिमूटभर मीठ आणि तिखट. द्राक्षं लहान मुलांसाठी उभी कापून. थंडीत बोरं, संत्र्याच्या फोडी, उन्हाळ्यात जांभळं. पुरंदरकडची ताजी अंजिरं आणि डहाणू-घोलवडचे चिकू मिळतात तेव्हा परदेशी फळांच्या पेट्या कशाला बघायच्या? रस मात्र नाही. गाळलेल्या रसात साखर ग्लासात येते आणि चोथा गाळणीवर राहतो, म्हणजे पुन्हा चाळणीचीच गोष्ट.

संध्याकाळचे पाच

मुलं शाळेतून किंवा खेळून येतात तेव्हा वाघासारखी भुकेली असतात, आणि त्या वेळी जे हाताशी असेल ते खातात. रात्रीच्या जेवणाला आग्रह करून जे जात नाही ते पाच वाजता न सांगता जातं. ही वेळ वाया घालवू नका. वेफर्स, टोस्ट, बिस्किटांचे डबे वरच्या फळीवर, आणि ओट्यावर वाटी भरून तयार.

काय तयार? उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा. भाजलेलं मक्याचं कणीस, लिंबू-मीठ लावून. उकडलेलं रताळं, सालासकट उकडून वर तूप. हिवाळ्यात सोलाणे, आणि कुणी गावाकडून हुरडा आणला तर सोन्याहून पिवळं, दाण्याच्या चटणीबरोबर. घरी कुकरमध्ये किंवा कढईत फोडलेल्या मक्याच्या लाह्या. पातळ पोह्यांचा चिवडा, त्यात दाणे, डाळं आणि खोबऱ्याचे काप पोह्यांच्या निम्मे तरी. भेळ करायची तर चुरमुरे कमी आणि उकडलेले मूग-हरभरे जास्त, टोमॅटो-कांदा-काकडी भरपूर. गोड हवं असेल तर दाण्याचा किंवा तिळाचा लाडू, एक. सुकं अंजीर किंवा भिजवलेल्या आठ-दहा काळ्या मनुका, सोबत पाणी.

एक गोष्ट ठळक सांगते. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, लाह्या, कच्च्या गाजराचे जाड तुकडे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. त्यांच्यासाठी दाण्याचा कूट, फुटाण्याचं पीठ, किसलेलं गाजर. आणि कुठल्याही वयाचं मूल असो, खाताना बसलेलं असावं, पळत नको.

बाजारातल्या पाकिटांवर 'मल्टिग्रेन' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एकाहून जास्त धान्यं, एवढाच. मागे घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिला शब्द मैदा असेल तर पुढे नाचणी, ओट्स काहीही लिहिलेलं असू द्या, तो मैद्याचाच पदार्थ. ब्राऊन ब्रेडचा रंग कधीकधी कॅरॅमलचा असतो. भारतात पाकिटावर 'हाय फायबर' म्हणायला १०० ग्रॅममागे ६ ग्रॅम पुरतात. आपली साधी, न चाळलेली कणीक ११ वर आहे आणि तिच्यावर काहीच लिहिलेलं नसतं.

दूध, पाणी आणि घाई

चोथा वाढवला आणि पाणी वाढवलं नाही तर उलटं होतं, शी आणखी घट्ट होते. शाळेत बाटली भरून नेतात आणि भरलेलीच परत आणतात. बाटलीवर स्केचपेनने रेघ मारून ठेवा: मधल्या सुट्टीपर्यंत इथवर, शाळा सुटेपर्यंत तिथवर. घरी ताक, सार, कढण, पातळ वरण हे सगळं पाण्यातच धरायचं.

दूध पौष्टिक आहे, पण दिवसाला साधारण अर्धा लिटरच्या वर गेलं तर मुलाला जेवायला भूक उरत नाही. आमच्याकडे खरा अडथळा हाच होता. सकाळी सातला मोठा कप दूध, साडेनऊच्या डब्याला भूक नाही. कप लहान केला, तोही खाण्यानंतर द्यायला लागले. पहिले चार दिवस कटकट झाली.

घाई का नको, तेही इथेच. आतड्यातल्या जंतूंना अचानक भरपूर चोथा मिळाला की गॅस होतो, पोट फुगतं, दुखतं. मुलाच्या मनात मग उसळ म्हणजे पोटदुखी असं बसतं. आठवड्याला एकच बदल. पहिल्या आठवड्यात दूध-पाणी, दुसऱ्यात कणीक, तिसऱ्यात पाच वाजताचा खाऊ, चौथ्यात डबा, मग उसळी. पोट दुखायला लागलं तर चार दिवस तिथेच थांबा.

वर्षाच्या आतल्या बाळाच्या खिमटीत कोंडा वगैरे घालू नका. इवलंसं पोट चोथ्याने भरलं तर अंगी लागणारं अन्न कमी जातं. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्याही वाटीत चोथ्याबरोबर तूप, दाण्याचा कूट, दही असू द्या. इसबगोल, जुलाबाची चूर्णं मुलांना आपल्या मनाने नकोत.

बसायची सवय

खाणं सुधारून महिना झाला तरी आमची गाडी अडली होती, कारण ती शी दाबून ठेवायची. एकदा दुखलं की मूल दाबतं, दाबलं की आणखी कडक होते, मग आणखी दुखतं. शाळेतलं शौचालय अस्वच्छ असेल तर हे हमखास होतं. खाल्ल्यावर आतड्याला आपोआप चालना मिळते, म्हणून नाश्त्यानंतर दहा मिनिटं बसवायचं, रोज त्याच वेळी, झाली तर वा, नाही झाली तर काही नाही. त्यासाठी सकाळी पंधरा मिनिटं लवकर उठावं लागतं, दुसरा इलाज नाही. कमोडवर मुलांचे पाय लोंबकळतात आणि जोर लागत नाही. पायाखाली स्टूल ठेवा, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. देशी पद्धतीच्या शौचालयात हे आपसूक होतं.

घरातल्या उपायांची हद्द कुठे संपते तेही सांगते. आठवड्यातून दोनदाच किंवा त्याहून कमी होत असेल आणि तसं महिनाभर चाललं असेल, शीत रक्त दिसत असेल, चड्डीला सारखे डाग लागत असतील, वजन वाढत नसेल, उलट्या होत असतील, पोट ताठ फुगलेलं असेल, किंवा जन्मल्यापासूनच हा त्रास असेल, तर कणीक-कोंड्याचे प्रयोग बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे जा. दिलेलं औषध दोन दिवस बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. आम्ही ते केलं होतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. जाताना ती तीन दिवसांची वही सोबत न्या. "किती?" हा प्रश्न ते विचारणारच आहेत.